बँड, ढोल आणि बुजणारी घोडी : मिरवणुकीच्या घोडीची तालीम आणि पागेतली सुरक्षितता

इंदुरात तुळशीचं लग्न लागलं की घोड्यांना उसंत नसते. राजवाडा असो की अन्नपूर्णा, संध्याकाळी एखादी तरी सजवलेली घोडी बँडच्या मागे उभी दिसते. म्हणून दसऱ्याला घोडी घ्यायची आणि कार्तिकात तिच्यावर नवरदेव बसवायचा, असा हिशेब काही जण मांडतात. हा हिशेब धोक्याचा आहे. चांगल्या स्वभावाच्या, पाठीवर माणूस घेणाऱ्या घोडीलाही ढोल आणि गर्दी अंगवळणी पडायला दहा ते बारा आठवडे द्यावे लागतात. तुळशीच्या लग्नाला घोडी तयार हवी असेल तर तालीम श्रावणातच सुरू व्हायला हवी.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. ढोलासमोर हलली नाही म्हणजे घोडी शांत आहे, असं नसतं. काही घोड्या भीतीनं थिजतात. मान ताठ, डोळे एका जागी, श्वास जवळजवळ रोखलेला. अशी घोडी दहा मिनिटं पुतळ्यासारखी उभी राहते आणि अकराव्या मिनिटाला उधळते. मग लोक म्हणतात, ‘काही कारण नसताना बिथरली.’ कारण दहा मिनिटं समोरच होतं, ते कोणी वाचलं नव्हतं. पुढची सगळी पद्धत या वाचण्यावर उभी आहे.

घोडीला काय दिसतं, काय ऐकू येतं

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते कपाळाच्या अगदी समोर, नाकाच्या खाली आणि शेपटीच्या सरळ मागे. लाल आणि हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही, निळा आणि पिवळा कळतो. उजेडातून अंधारात किंवा अंधारातून उजेडात गेल्यावर त्याची नजर बसायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. मिरवणुकीतले झगमगते दिवे आणि पुढची अंधारी गल्ली यांच्या सीमेवर घोडी अडते, ती यामुळे. तिथे चाबूक उगारू नका, अर्धा मिनिट थांबा.

कान दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे फिरतात आणि साधारण ३३ हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज टिपतात. माणसाची मर्यादा २० हजारांची आहे. झांजेची किणकिण आणि स्पीकरची शिट्टी आपल्याला नुसती त्रासदायक वाटते, घोडीला त्यात आणखीही बरंच ऐकू येतं.

शिवाय घोडा माणसाचं अंग फार बारकाईनं वाचतो. बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमारास हान्स नावाचा घोडा टाप आपटून गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की तो आकडे मोजत नव्हता. उत्तराची टाप जवळ आली की विचारणाऱ्याच्या डोक्याची आणि चेहऱ्याची नकळत होणारी हालचाल तो ओळखत होता. तेव्हा दोर धरणाऱ्या मोतद्दाराचाच, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्याचाच, खांदा ताठ असेल, मूठ आवळलेली असेल, तर घोडीला ‘घाबरू नको’ म्हणून उपयोग नाही.

अंग वाचायचं कसं

तालीम सुरू करण्याआधी आठवडाभर फक्त मोजमाप करा. मोठ्या घोडीची नाडी विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ असते, श्वास ८ ते १६, ताप ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस. नाडी खालच्या जबड्याच्या आतल्या कडेला बोटांनी लागते. १५ सेकंद मोजा आणि चारनं गुणा. रोज सकाळी चंदीच्या (दाण्याच्या खुराकाच्या) आधी मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहा. तुमच्या घोडीचा नेहमीचा आकडा ठाऊक नसेल तर ढोलानंतरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

आकड्याहून लवकर कळतं ते चघळण्यावरून. घोडी गवत खात असताना लांबून आवाज आला की तिचा जबडा थांबतो, मान वर जाते, कान त्या दिशेला टवकारतात. इथपर्यंत सगळं स्वाभाविक आहे. आता मनातल्या मनात आकडे मोजा. तीन-चार आकड्यांत जबडा पुन्हा हलू लागला, तर आवाज तिच्या आवाक्यातला आहे. दहापर्यंत मोजूनही घास तोंडात तसाच असेल, तर आवाज जास्त आहे आणि त्याक्षणी कमी करायचा. या एका खुणेवर सबंध तालीम चालवता येते.

बाकीच्या खुणा : डोळ्याच्या वर त्रिकोणी सुरकुती, नाकपुड्या ताणलेल्या, खालचा ओठ आवळून हनुवटीची गाठ दिसणं, शेपूट आत दाबलेली, वारंवार पातळ लीद. कान मागे पाडले म्हणजे दर वेळी राग असं नाही. ती मागचा आवाजही ऐकत असेल. कान मानेला चिकटले आणि सोबत नाकपुड्या आक्रसल्या, तर मात्र चावा किंवा लाथ जवळ आहे. मागचा एक पाय सैल सोडून उभं राहणं, खालचा ओठ सैल, लांब फुरफुर ही सैलावल्याची चिन्हं.

दुखणं आधी, तालीम नंतर

बुजण्याच्या अर्ध्या तक्रारी अंगाच्या दुखण्यातून येतात, असं धरून चालणंच शहाणपणाचं. पशुवैद्यकाकडून दात तपासून घ्या. कडेचे दात वाढून टोकदार झाले की गाल आतून सोलतात आणि लगाम ओढताच घोडी डोकं झटकते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना चार बोटांनी दाब देत मानेपासून कमरेपर्यंत जा. एका जागी कातडी थरथरली किंवा पाठ खाली गेली, तर खोगीर तिथे बोचतं आहे. नाल दर सहा आठवड्यांनी नालबंदाला दाखवा. मिरवणूक डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यावरून जाते, गुळगुळीत झालेल्या नालेवर घोडी घसरते आणि एकदा घसरलेली घोडी पुढच्या वेळी त्याच वळणावर अडते.

पोटाचंही पाहा. घोड्याच्या जठरात आम्ल सतत स्रवत असतं, मग ते रिकामं असो की भरलेलं. दिवसभर उपाशी ठेवून संध्याकाळी बादलीभर चंदी दिली की जठराला व्रण पडायला आणि पोटशूळ उठायला वाट मोकळी होते. ४०० किलोच्या घोडीला दिवसाला किमान ६ किलो कोरडी वैरण हवी, आणि ती चार-पाच वेळा विभागून. चंदी एका वेळेला दोन किलोंच्या वर नको. नवी चंदी किंवा नवी वैरण सात ते दहा दिवसांत हळूहळू बदलावी. माळव्यात गव्हाचा भुसा स्वस्त आणि मुबलक म्हणून फक्त त्याच्यावर घोडी पोसू नका. भुसा जास्त आणि पाणी कमी झालं की आतड्यात बंधा बसतो, म्हणजे चारा अडकून राहतो. पाणी २५ ते ४५ लिटर, वैशाखात त्याहून जास्त.

पाया : चार गोष्टी

आवाजाला हात लावण्याआधी घोडीला मोहरकीवर (लगामाविना डोक्याला बांधायच्या पट्ट्यावर) चार गोष्टी आल्या पाहिजेत : इशाऱ्यावर चालणं, थांबणं, दोन पावलं मागे सरकणं आणि मान खाली सोडणं. चारही शिकवायचं सूत्र एकच. हलका दाब द्या, तो तसाच धरा आणि घोडीनं योग्य दिशेनं किंचितही हालचाल केली की त्याच क्षणी सोडा. शिकवतं ते सोडणं, ओढणं नव्हे. एक सेकंद उशिरा सोडलात तर घोडी त्या सेकंदात जे करत होती, मग ते डोकं झटकणं का असेना, तेच शिकते. ओढ सतत राहिली तर तिला ओढीचीच सवय होते आणि तोंड कडक पडतं.

मान खाली सोडण्यावर जास्त वेळ द्या. कानामागे मोहरकीच्या पट्ट्यावर दोन बोटांचा दाब, मान बोटभर खाली आली की दाब बंद. आठवडाभरात घोडी नुसत्या स्पर्शावर नाक गुडघ्यापर्यंत आणते. बक्षीस म्हणून मानेवर थोपटू नका. मानेच्या बुडाशी, खांद्यावरच्या उंचवट्याच्या जरा पुढे बोटांनी खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात आणि तिथे खाजवल्यानं नाडी उतरते, हे मोजून दिसलेलं आहे.

हे सगळं डाव्या बाजूनं झालं की उजव्या बाजूनं पुन्हा शिकवा. मिरवणुकीत दोन्ही बाजूंना माणसं असतात.

आवाजाची तालीम

जागा मोकळी घ्या. भिंतीच्या कोपऱ्यात किंवा बांधून हे करू नये. घोडीला दूर सरकता आलं पाहिजे. पळायला वाट आहे हे तिला ठाऊक असलं की पळायची गरज कमी वाटते. दोर तीन-साडेतीन मीटरचा, हातात घड्या करून धरलेला. हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही. घोडी उधळली तर गुंडाळलेला दोर बोटं तोडून नेतो.

स्पीकर चाळीस पावलांवर ठेवा. आवाज इतका की शेजारच्या माणसाशी साध्या बोलण्यात अडथळा येऊ नये. दहा सेकंद ढोल वाजवा. आवाज सुरू झाल्यावर दुसऱ्या सेकंदाला चंदीची बादली पुढे करा आणि आवाज बंद होताच बादली काढून घ्या. हा क्रम उलटा होता कामा नये. बादली आधी आणि ढोल नंतर, असं चार वेळा झालं की बादली दिसताच घोडी धास्तावते. आपण तिला चंदीची भीती शिकवून बसतो. असे आठ-दहा तुकडे, मधे अर्धा मिनिट शांतता, एकूण पाच-सहा मिनिटं. दिवसातून दोनदा पुरे.

वाढवताना एका वेळी एकच गोष्ट वाढवा. आवाज मोठा केलात तर अंतर तेच ठेवा. अंतर घटवलंत तर आवाज एक पायरी कमी करा. झांज, तुतारी, ट्रम्पेट असं नवं काही आणलंत तर पुन्हा चाळीस पावलांपासून सुरुवात. सलग तीन वेळा चघळणं तीन-चार आकड्यांत सुरू झालं, तरच पुढची पायरी. बिघडलं तर दोन पायऱ्या मागे या, सोपं काही यशस्वी करून घ्या आणि तिथेच त्या दिवसाची तालीम थांबवा.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात खरा ढोल आणा. फोनचा किंवा छोट्या स्पीकरचा आवाज पुरेसा नसतो, कारण ढोलाचा जड ठोका त्यातून नीट निघत नाही आणि घोडी नेमकी त्या ठोक्यालाच बुजते. ढोलवाल्यानं समोरून चालत येऊ नये. त्यानं घोडीकडे पाठ करून हलकं वाजवत पुढे चालावं आणि घोडीनं वीस-पंचवीस पावलं मागून जावं. जी वस्तू आपल्यापासून दूर जाते आहे तिचा पाठलाग करताना घोड्याची भीती उतरते आणि कुतूहल चढतं. तो थांबला की घोडीही थांबते. मग तो पुन्हा निघतो. घोडी आपणहून अंतर कमी करू लागली की अर्धं काम झालं. त्यानंतर ढोल बाजूनं जाईल, मग मागून, आणि अगदी शेवटी समोरून.

सहाव्या आठवड्यापासून बाकीचं सामान : झूल, गोंडे, डोळ्यांजवळ लोंबणाऱ्या माळा, दिव्यांच्या छत्र्या, जनरेटरची गाडी, रस्त्यावरच्या वायरी, गटाराची लोखंडी झाकणं. आधी दिवसा, मग संध्याकाळी, मग रात्री. प्रत्येक वस्तू आवाजाविना दाखवा, मग आवाजासह. शेवटचे तीन आठवडे प्रत्यक्ष रस्ता : प्रथम पहाटे रिकामा, नंतर थोडी वर्दळ असलेला, सोबत एखादी जुनी, मुरलेली घोडी. ती शांत चालत असेल तर नवीला अर्ध्या वेळात कळतं.

फटाक्यांची तालीम देऊ नका. चार मीटरवर १२५ डेसिबलपर्यंतचे फटाके कायद्यात बसतात. तो आवाज कोणत्याही कानाला इजा करू शकतो आणि इजेची सवय लावायची नसते. बुकिंग घेतानाच सांगा, लिहून घ्या : घोडीपासून ५० मीटरच्या आत लड लावायची नाही, कागदी तोफ आणि धुराचं यंत्र घोडीजवळ नाही. यजमान ऐकत नसतील तर काम सोडून द्या. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची (फिरत्या देखाव्यांची) रात्र या दोन दिवशी नवी घोडी रस्त्यावर नकोच.

कुठे फिसकटतं? सर्वात जास्त वेळा घाईत. ‘एकदाच बँडजवळ बांधून ठेवा, रडूनभेकून गप्प होईल’ हा सल्ला हमखास मिळतो. त्यानं घोडी एकतर थिजते किंवा दोर तोडायला शिकते, आणि दोन्ही पुढे महागात पडतात. दुसरं, भीती साचते. दिवसभर कुत्री भुंकली, दुपारी नाल बदलली, संध्याकाळी पाऊस आला, आणि मग काल सहज ऐकलेल्या ढोलाला आज ती बुजते. अशा दिवशी पायरी वाढवायची नाही.

ठाण आणि पागा

पागनीसपागा हे इंदुरातल्या भागाचं नाव अजून पत्त्यात आहे, पण शहरात पागेइतकी, म्हणजे घोड्यांच्या तबेल्याइतकी, जागा आता मिळत नाही. तरी १२ फूट बाय १२ फूट मोकळं ठाण (एका घोडीची राहायची जागा) ही गरज आहे, चैन नाही. घोडी उभ्यानं डुलकी घेते, पण गाढ झोपेसाठी तिला रोज थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं. आगाडी-पिछाडीला, म्हणजे पुढून-मागून दोरांनी, बांधलेली, किंवा अरुंद जागेत उभी असलेली घोडी आडवी होत नाही. मग काही दिवसांनी ती उभ्या उभ्या गुडघ्यांवर कोसळते. गुडघ्यांच्या पुढच्या बाजूला खरचटलेलं दिसलं तर आधी झोपेची चौकशी करा. शिवाय पिछाडीच्या दोरानं खुरांवरची कातडी भाजल्यासारखी सोलते. खाली सहा इंच जाड बिछाना द्या आणि ओला भाग रोज काढा. दार चार फूट रुंद, बाहेर उघडणारं, वरखाली दोन कड्यांचं, कारण वरची कडी हुशार घोडी ओठांनी उघडते.

बांधायची कडी खांद्यावरच्या उंचवट्याइतक्या उंचीवर हवी. कडीत आधी सुतळीचा वळसा घाला आणि दोर त्या सुतळीत बांधा. घोडीनं जीव खाऊन मागे ओढलं तर सुतळी तुटते, मान मोडत नाही. दोर दोन-अडीच फूट मोकळा, म्हणजे पाय अडकत नाही. गाठ सुटती हवी : दोर सुतळीतून ओवा, त्याचा एक फास करा, मोकळं टोक दुमडून त्या फासातून काढा आणि आवळा. टोक ओढलं की गाठ एका झटक्यात सुटते. लगामानं कधीच बांधू नका. घोडी मागे ओढते आणि जीभ चिरते.

आत शिरताना आधी बोला. सरळ समोरून किंवा मागून नको, खांद्याच्या दिशेनं तिरकं जा. मागून ओलांडायचं असेल तर पुठ्ठ्यावर (ढुंगणावर) हात ठेवून अगदी चिकटून, नाहीतर तीन मीटर लांबून. मधल्या अंतरावर लाथ पूर्ण जोरात बसते. खूर साफ करताना गुडघे टेकून बसू नका. वाकूनच काम करा, पाय मागे घेता आला पाहिजे. लहान मुलं ठाणात एकटी नकोत.

आग हा पागेतला सर्वात मोठा धोका. गवताची गंजी वेगळ्या छपराखाली ठेवा. ओलं गवत दाबून रचलं की आतून तापतं आणि आपोआप पेटू शकतं. वायरी पाइपातून न्या, स्विचवरची धूळ झटका, बिडी-सिगारेट कुंपणाबाहेर. प्रत्येक दाराबाहेर मोहरकी आणि दोर टांगलेला हवा, अंधारातही हाताला लागेल असा. आगीतून बाहेर काढलेला घोडा घाबरून आपल्या ठाणाकडेच परत धावतो. म्हणून काढल्यावर दार लावून घ्या आणि त्याला कुंपणात बंद करा.

रोगांपैकी दोन गोष्टी पाठ असाव्यात. धनुर्वात घोड्याला फार सहज होतो, लस दर वर्षी. आणि ग्लँडर्स : सतत ताप, नाकातून घट्ट पिवळट स्राव, नाकात व्रण, पायांवर गाठी फुटणं. हा माणसालाही होतो, औषध देत बसायचं नाही. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्यानुसार सरकारी पशुवैद्यकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. दुसऱ्याच्या घोड्यांसोबत बादली आणि खरारा (अंग घासायचा ब्रश) वाटून घेऊ नका. लग्नघरी जाताना आपली बादली सोबत न्या.

मिरवणुकीचा दिवस

पाठीवरचं एकूण वजन घोडीच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत. ४०० किलोच्या घोडीला ८० किलो. यात खोगीर, झूल आणि पुढे बसवलेला भाचाही मोजायचा. पंचाऐंशी किलोच्या नवरदेवाला मोठी घोडी लागते, हे बुकिंगच्या वेळी विचारायला लाजू नका.

काटेरी लगाम ओझ्याच्या जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनी बंद आहे. बंद नसता तरी वापरू नये. भ्यालेल्या घोडीच्या तोंडात काटा रुतला की ती थांबत नाही, दोन पायांवर उभी राहते. त्याच नियमांत ३७ अंशांच्या वर तापमान गेल्यावर दुपारी १२ ते ३ जनावराला कामाला लावायला मनाई आहे. वैशाखातल्या लग्नांत हे आधीच सांगा.

घोडीला दोन माणसं, दोन दोर. एक डोक्याशी डावीकडे, दुसरा खांद्याशी उजवीकडे, दोघंही आपले. हौशी मेव्हण्याच्या हातात दोर देऊ नका. नवरदेवाचा पाय रिकिबीत फक्त चवड्यापर्यंत. जोडा आरपार गेला आणि घोडी उधळली तर माणूस फरफटतो. जरीचा शेला रिकिबीत अडकत नाही ना, ते बसवल्यावर एकदा हातानं चाचपून पाहा. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) नवरदेवाला बसवण्याआधी एकदा आणि दहा पावलं चालवून पुन्हा आवळा. मोठ्या स्पीकरची गाडी घोडीपासून किमान वीस मीटर, जनरेटर तिला दिसेल अशा बाजूला. दर वीस मिनिटांनी गल्लीत बाजूला नेऊन थांबा, श्वास मोजा, मान खाली सोडायला लावा.

घोडी तापली, मिनिटाला चाळीसवर श्वास दहा मिनिटं थांबूनही उतरत नसेल, तर नवरदेवाला उतरवा. सावली, झूल काढा, पूर्ण अंगावर गार पाणी ओता, ओतत राहा. गरम घोडीवर गार पाण्यानं लकवा होतो, ही समजूत खोटी आहे. प्यायलाही पाणी द्या. सुधारणा दिसली नाही तर पशुवैद्यकाला फोन करा. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तिथला आणि आपल्या भागातल्या डॉक्टरांचा नंबर मोतद्दाराच्या फोनमध्ये आधीच असू द्या.

बिथरलीच तर आधी आवाज थांबवा. त्यासाठी बँडमास्टरशी हाताची खूण निघण्यापूर्वीच ठरवून ठेवा. दोन्ही बाजूंनी एकदम ओढू नका, त्यानं घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहते. एका बाजूनं डोकं वळवून लहान गोलात चालवा आणि नवरदेवाला खांद्याच्या बाजूनं उतरवा. तिच्या पुढे कोणी हात पसरून उभं राहू नये.

परत आल्यावर खोगीर काढून पाठ हातानं तपासा, खुरांतले खडे काढा, आधी पाणी आणि वैरण, चंदी तासाभरानं. सकाळी नाडी मोजून कॅलेंडरात लिहा. आकडा नेहमीपेक्षा आठ-दहानं जास्त असेल, किंवा ती रात्री आडवी झालेली नसेल, तर त्या संध्याकाळचं काम दुसऱ्या घोडीला द्या.